पिवळी भिंत आणि खोल बंदर

गावाच्या एका बाजूला समुद्र आहे आणि उरलेल्या तीन बाजूंना गावकऱ्यांची मतं आहेत. भूगोल म्हणाल तर एवढाच. बाकीचं सगळं वाऱ्याच्या मर्जीवर. वारा असा, की इथल्या कोंबड्या भिंतीचा आडोसा बघून मगच अंडं घालतात. नाहीतर अंडं शेजारच्या अंगणात जाऊन पडतं आणि शेजारीण ते आपल्याच कोंबडीचं म्हणून शपथ घेते. उत्तरेला एक उंचवटा आहे. त्याला डोंगर म्हणतात, कारण डोंगर म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. दक्षिणेला एक ओढा आहे. तो समुद्राला भेटायला मोठ्या हौसेने निघतो आणि वाळू बघून विचार बदलतो. आणि समोर, बंदराच्या तोंडाशी, पाण्याखाली वाळूचा एक भलामोठा दांडा पसरलेला आहे. डबक्यात म्हैस पडावी तसा, पाठ ओली ठेवून निवांत. त्या दांड्यातून आत यायला एकच वाट, भांगासारखी सरळ आणि भांगाएवढीच अरुंद.

गावाची पार्श्वभूमी तर याहून थोर. फार पूर्वी एक कप्तान जहाजभर माणसं घेऊन कुठल्याशा श्रीमंत बंदराकडे निघाला होता. वाटेत त्याला डुलकी लागली की त्याने ती लावून घेतली, यावर मतभेद आहेत. जहाज दांड्यावर चढलं. माणसं विचारू लागली, "कप्तानसाहेब, हे कुठं आलो?" कप्तानाने सभोवार पाहिलं. वाळू, खेकडे आणि तो दुबळा ओढा. मग मिशीला पीळ देऊन तो म्हणाला, "इथंच यायचं होतं. असंच ठरलं होतं."

झालं, गाव वसलं. त्या दिवसापासून या गावात कुणाचं काही चुकलेलं नाही. न्हाव्याचा वस्तरा कानाला लागला, तर तो म्हणतो, "असंच ठरलं होतं, आता चेहऱ्याला जरा धार आली." ओढ्यावरचा पूल ओढा नसलेल्या जागी बांधला गेला, तेव्हा गावाने एकमुखाने ठरवलं की ओढा येईल हळूहळू. चौकातलं घड्याळ मागे पडतं. ते पुढे करणं म्हणजे ते मागे होतं असं कबूल करणं. म्हणून शाळेत, बाजारात आणि देवाघरी जाणारी माणसंसुद्धा त्या घड्याळाप्रमाणे उशिरा जातात.

अशा गावात काकू लग्न होऊन आली ती दूरच्या, समुद्र न पाहिलेल्या मुलखातून. पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून भात करपला आणि ती सरळ म्हणाली, "चुकलं माझं." सासूच्या हातातला डाव खाली पडला. धाकट्या दिराने खिडकीतून बाहेर बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. नवरा त्या रात्री समजावणीच्या सुरात म्हणाला, "असं उघड्यावर नको बोलत जाऊ गं. घरातलं घरात ठीक आहे."

काकू मात्र सुधारली नाही. ती बोलत राहिली आणि गाव तिच्याकडे, भर बाजारात पदर सुटलेल्या बाईकडे बघावं तसं, बघून न बघितल्यासारखं करत राहिलं.

तिचं दुसरं दुखणं म्हणजे घराची भिंत. घर चढावरचं शेवटचं, आणि त्याची समुद्राकडची उंच भिंत पिवळी. पिवळी म्हणजे साधी नव्हे, काविळीनेही लाजून बरं व्हावं अशी पिवळी. भिंतीत मधोमध एक खिडकी, तीच काय ती माणसात. लग्न झालं त्या वर्षीच नवऱ्याने तो रंग लावला होता. काकू म्हणायची, "अहो, निळा लावू या. शांत निळा." तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू." आणि पुढच्या वर्षी, खिळा ठोक म्हटलं तर ज्याच्या कमरेत उसण भरायची तो माणूस, कुणी न सांगता शिडी लावून भिंत पुन्हा पिवळी करायचा. उरलेले डबे जिन्याखालच्या खोलीत, एकावर एक.

नवरा गेला. काकूने डोळे पुसले आणि काही महिन्यांनी रंगाच्या दुकानात गेली.

"निळा द्या."

रंगवाला वर न बघता म्हणाला, "निळा येत नाही आता काकू."

"त्या फळीवर काय आहे मग?"

"तो निळा नव्हे. तो हिरव्याचा चुलतभाऊ."

"मला दिसत नाही का?"

"अहो, समुद्रालाच निळा पुरेना झालाय, तुम्हाला कुठून देऊ?"

घरी येऊन बघते तर दीर शिडीवर. हातात ब्रश, ब्रशला पिवळा. "म्हटलं, वहिनीला कशाला त्रास," तो म्हणाला. दीर म्हणजे भावाच्या मागे त्याच्याच लाँचचा तांडेल. गावात लाँच हाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, आणि तसं तो स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. स्वतःच्या घराचं छप्पर गळत असताना हा भावजयीची भिंत रंगवतो, याचं काकूला नवल वाटे. पण दिराच्या चांगुलपणाला नाव कसं ठेवायचं? वर्षामागून वर्ष भिंत पिवळीच राहिली, आणि काकूचा निळा मनातल्या मनात उडत चालला.

मग गावाला पर्यटनाचं वारं लागलं. नगराध्यक्षांनी ठरवलं की धक्क्यावर गावाच्या भूगोलाचा आणि पार्श्वभूमीचा एक दगडी फलक लावायचा. लिहायचं काम साहजिकच भूगोलाच्या मास्तरांकडे गेलं. मास्तरांनी हयातभर सात समुद्र शिकवले, पण होडीत पाय ठेवला नाही. "भूगोल किनाऱ्यावरूनच नीट दिसतो," असं त्यांचं म्हणणं. अध्यक्षही समुद्राला दुरूनच नमस्कार करणारे. बादलीत पाणी हललं तरी त्यांना मळमळतं.

मास्तरांनी मजकूर काकूच्या पडवीत वाचून दाखवला. गावात दुसरं कुणी ऐकून घेणारं नव्हतं, आणि काकू मटार सोलत असल्याने तिला उठून जाता येत नव्हतं.

"'उत्तरेस उत्तुंग पर्वत.'"

"तो उंचवटा?"

"'दक्षिणेस सदा वाहणारी सरिता.'"

"मास्तर, परवा माझी शेळी त्या सरितेत बसली होती. कोरडी उठली."

"ऐका हो. 'या गावास निसर्गतः खोल बंदर लाभले आहे.'"

"हे कुणी सांगितलं?"

"अध्यक्षांनी. खोल हवंच म्हणाले. उथळ बंदराला कोण येतं?"

काकूने शेंग फोडली. "आमचं घर नाही का कुठे त्यात?"

मास्तर हसले. "काकू, हा भूगोल आहे. परसदार नव्हे."

फलक खाडीपलीकडच्या शहरात कोरून तयार झाला. पर्यटन खात्याचे साहेब तो सोबत घेऊनच येणार होते, दिराच्या लाँचमधून. दीर त्यांना आणायला आदल्या दिवशीच पलीकडे गेला. आणि तेवढ्यात अध्यक्षांच्या नजरेस कुठल्यातरी कॅलेंडरवरचं परदेशी किनाऱ्याचं चित्र पडलं. सगळी घरं पांढरी आणि निळी. अध्यक्ष उठलेच. समुद्राकडच्या साऱ्या भिंती संध्याकाळपर्यंत पांढऱ्या किंवा निळ्या झाल्या पाहिजेत! नगरपालिकेच्या खर्चाने!

काकू पदर खोचून धावली. "माझी निळी! अख्खी निळी!"

रंगवाल्याला घाम फुटला. डबे उतरवता उतरवता तो म्हणाला, "काकू, पांढरी घ्या ना. निदान मधे एखादा पिवळा पट्टा..."

"एक थेंब नको."

"भावजींना विचारलंत का?"

"भिंत माझी. भावजी पलीकडे. विचारू कुणाला, माशांना?"

"बरं बाबा. मी काही बोललो नाही हं," म्हणून रंगवाला गेला, आणि खरोखरच तो काही बोलला नाही. संध्याकाळी जे होडीवाले धक्क्यावर होते त्यांनीही ती भिंत पाहिली, एकमेकांकडे पाहिलं, आणि प्रत्येकाने मनाशी म्हटलं की दुसरा कुणीतरी सांगेल. काकू अंगणात खुर्ची टाकून बसली होती. भिंत निळी, तिच्यामागे संध्याकाळचं आभाळ निळं. आयुष्यात पहिल्यांदा आपलं घर आपलं वाटत होतं. नवऱ्याची आठवण आली तेव्हा ती मोठ्याने म्हणालीसुद्धा, "बघा, काय बिघडलं?"

काय बिघडलं ते सकाळी कळलं.

धक्क्यावर बँड उभा, अध्यक्षांच्या गळ्यात हार, मास्तरांच्या हातात भाषण. लाँच क्षितिजावर दिसली. जवळ आली. दांड्यापाशी आली आणि थबकली. डावीकडे गेली, उजवीकडे गेली, परत डावीकडे आली. कुलूप सापडलं पण भोक सापडेना अशा दारुड्यासारखी. मग एकदम निश्चय करून पुढे घुसली आणि समुद्राच्या मधोमध थांबली. थांबली म्हणजे अशी थांबली, की तिच्या सावलीत माशांनी संसार थाटले असते.

बँडवाल्यांना कुणी थांबा म्हटलं नाही, म्हणून बँड वाजत राहिला.

"अडकली की काय?" मास्तर पुटपुटले.

"अडकली?" अध्यक्षांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मास्तरांनी शब्द गिळला. "कार्यक्रम तिथेच आहे. असंच ठरलं होतं."

आणि अध्यक्ष छोट्या डोणीत बसले. जाताना त्यांची टोपी डोक्यावर होती, पोचताना ती हातात होती आणि भरलेली होती. जास्त विचारू नये. लाँच हलकी करायला खलाशांनी फलक आधीच बाहेर ढकलला होता. तो दगडच तो. सरळ वाळूत रुतला आणि ताठ उभा राहिला, जणू तिथे उगवला. अध्यक्षांनी खिशातली फीत त्यालाच बांधली. साहेबांनी ती कापली. मग घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून, विजार वर धरून, साहेबांनी खणखणीत आवाजात वाचलं, "या गावास निसर्गतः खोल बंदर लाभले आहे."

धक्क्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब शहरात परतल्यावर म्हणाले म्हणतात, की इतका सूक्ष्म विनोद सरकारी कार्यक्रमात त्यांनी कधी पाहिला नव्हता.

दुपारच्या भरतीने लाँच सुटली. दीर तडक चढ चढून आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला आणि नाकापर्यंत संतापलेला.

"वहिनी, ही भिंत..."

"छान दिसते ना?"

"दिसते कुठे? तेच तर म्हणतोय! खाली निळं, वर निळं, मधे निळं. समुद्रावरून बघा, तुमचं घर गेलंय!"

"घर कसं जाईल? मी आत बसलेय."

दीर मटकन पायरीवर बसला. बोलू की नको असं तोंड झालं. काकूने तांब्याभर पाणी आणून त्याच्यापुढे ठेवलं आणि तांब्यावरचा हात काढला नाही. "बोला भावजी. मगच पाणी."

"वहिनी, खूण आहे ती. बर्फाच्या कारखान्याची चिमणी आणि ही पिवळी भिंत एका रेषेत आली की वाट सापडते. तिथून नाक न वळवता सरळ आत. आधी चढावर एक झाड होतं, त्याच्या खुणेवर होड्या यायच्या. तुमचं लग्न झालं त्या वर्षी ते वादळात पडलं. तेव्हा दादाने भिंत रंगवली."

"म्हणजे गावातल्या सगळ्या होड्या..."

"या भिंतीवर येतात. सगळ्या."

"आणि रंगवाल्याचा निळा?"

"तो काय, त्याचा मेहुणा होडीवाला."

काकूने तांब्या आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "मला कुणी सांगितलं का नाही?"

"दादा म्हणाला, तिला सांगू नका, डोक्यावर बसेल."

"हे शोभतं त्यांना. आणखी काय म्हणाले?"

"आणखी काही नाही." दीर तांब्याकडे बघत राहिला. "एकदा म्हणाला होता, दांड्यापाशी आलो की भिंत दिसते. भिंत दिसली की खिडकी दिसते. आणि खिडकीत..."

"खिडकीत काय?"

"पुढे नाही बोलला. तसलं बोलायची रीत कुठेय आपल्याकडे?"

खिडकीत काय असायचं ते काकूला ठाऊक होतं. खिडकीत ती असायची, रोज, लाँच दिसेपर्यंत. आला की आधी पिवळ्या रंगावरून भांडायचं म्हणून वाट बघत. तिने तांब्यावरचा हात काढला.

दीर गटागट पाणी प्याला आणि उठला. "तर उद्या शिडी लावतो. पिवळे डबे आहेत ना खाली?"

"आहेत. पण आधी म्हणा, चुकलं."

"काय?"

"इतकी वर्षं माझ्या भिंतीवर गाव चालवलंत आणि मला वेड्यात काढलंत. म्हणा, चुकलं. मग लावा शिडी."

दिराने तोंड उघडलं. ओठ हलले. मान लाल झाली, कपाळावरची शीर उठली, आणि शेवटी घशातून जे निघालं तो खोकला होता. तो तसाच खोकत खोकत चढ उतरून गेला.

पुढचे काही दिवस दांड्यावर जत्रा भरली. रोज कुणाची ना कुणाची होडी वाळूवर. विचारलं तर एक म्हणे, जाळं वाळवतोय. दुसरा म्हणे, हवा चांगली आहे. तिसऱ्याने तर तिथे स्टोव्ह नेऊन चहा केला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिला, म्हणजे येऊन अडकणाऱ्याला. जाणारं कुणी नव्हतंच. बायका धक्क्यावरून ओरडून विचारायच्या, "जेवायला येणार का?" आणि दांड्यावरून उत्तर यायचं, "भरती आली की!"

अखेर अध्यक्ष आणि मास्तर काकूकडे आले.

"काकू," अध्यक्ष म्हणाले, "ही भिंत पिवळी व्हावी अशी नगरपालिकेची भावना आहे."

"का बरं?"

"पिवळा शोभून दिसतो."

"परवा निळा शोभत होता."

"परवाची गोष्ट परवा."

मास्तरांनी घसा साफ केला. "भूगोल बदलत असतो, काकू. खंडंसुद्धा सरकतात."

"सरकू द्या. तुम्हा दोघांपैकी एकाने चुकलं म्हणा, मी आत्ता शिडी लावते."

अध्यक्षांना एकाएकी मीटिंग आठवली. मास्तर म्हणाले, "शब्दकोशात बघून सांगतो."

काकूही हटेना. आता प्रश्न रंगाचा राहिला नव्हता. निळ्यावरचा जीव तर दिराने ती खिडकी सांगितली तेव्हाच अर्धा उडाला होता. पण आयुष्यभर या गावात चूक कबूल करणारी ती एकटीच. निदान एकदा तरी कुणीतरी तिला सोबत करावी, एवढंच.

आणि मग एका दुपारी वारा फिरला. कोंबड्या आपणहून खुराड्यात गेल्या. आभाळ खालपासून काळं होत वर चढलं, आणि दिराची लाँच नि तिच्या मागोमाग गेलेल्या सगळ्या होड्या बाहेर होत्या. शांत समुद्रात दांडा म्हणजे म्हैस. वादळात तो म्हशीसारखा बसत नाही, रेड्यासारखा उठतो.

काकू खिडकीत उभी राहिली. खाली धक्क्यावर बायका जमल्या होत्या. कुणीही तिच्याकडे वर बघत नव्हतं, मुद्दाम. पलीकडे लाटांत ठिपके दिसू लागले. आता ते डावीकडे जातील, उजवीकडे जातील.

"एक शब्द जड झाला मेल्यांना," ती म्हणाली, आणि जिन्याखालच्या खोलीत धावली.

भिंत रंगवायला वेळ कुठला? घरात होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी तिने ओढल्या, एकमेकींना गाठी मारल्या, आणि नवऱ्याचा डबा फोडून त्यांच्यावर उपडा केला. मग ते सगळं लदबदलेलं ओझं खिडकीतून बाहेर सोडलं, वरची टोकं खिडकीच्या गजांना बांधली, आणि वाऱ्याने ते फाटकन पसरलं. भिंतभर पिवळं. रंग ओलाच होता, तेव्हा वाऱ्याला आयतंच मिळालं. त्याने तो रंग साऱ्या गावावर शिंपला. कॅलेंडरमधल्यासारख्या पांढऱ्या भिंतींना देवी आल्या. बँडवाल्याच्या भोंग्यात गेलेला थेंब अजून सुरात लागतो. अध्यक्षांच्या नव्या पांढऱ्या घराकडे दुसऱ्या दिवशी लोक बघू लागले, तेव्हा ते दारात येऊन म्हणाले, "ठिपके हवेच होते. असंच ठरलं होतं."

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी पहिला ठिपका डावीकडे गेला, थबकला, वळला. चिमणी आणि पिवळं एका रेषेत. मग तो नाक न वळवता सरळ आत आला, आणि त्याच्यामागे दुसरा, आणि मग एका माळेत सगळे. दांड्याच्या कडेला तो दगडी फलक लाटांत ताठ उभा होता आणि खोल बंदराची ग्वाही देत होता. त्याच्या डाव्या अंगाने जायचं नाही एवढं आता पोरंबाळंसुद्धा शिकली आहेत. मास्तरांच्या लिखाणाने कुणाचा जीव वाचला असेल तर तो असा.

काकू खिडकीतच होती. कोपरापर्यंत पिवळी, केसांत पिवळी.

दीर चढ चढून आला तेव्हा अंधारत आलं होतं. तो अंगणात उभा राहिला. चादरींकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग, जणू दाढ उपटून हातावर ठेवावी तसा, तो म्हणाला, "वहिनी. दादाचं चुकलं."

काकू हसू दाबत म्हणाली, "वा भावजी! गेलेल्या माणसाच्या नावावर खपवलंत."

"सुरुवात आहे," दीर म्हणाला. "माझं पण म्हणतो. सवय होऊ द्या."

"होऊ द्या. घाई नाही."

भिंत आजही निळी आहे आणि तिच्यावर चादरी पिवळ्या आहेत. काकू त्या रोज सकाळी घालते, होड्या आल्या की काढते, आणि मग अंगणात खुर्ची टाकून आपला निळा बघत बसते. जो बाजारात तिच्याशी नीट बोलला नसेल, त्याच्या होडीच्या वेळी म्हणे एखादी चादर नेमकी धुवायला गेलेली असते.

त्या संध्याकाळी मात्र दीर जाता जाता अंगणाच्या कडेला थांबला आणि म्हणाला, "पण वहिनी, एक सांगा. आम्ही कुणी तो शब्द म्हटला नव्हता. मग चादर कशी घातलीत?"

काकूने हातावरचा वाळलेला रंग नखाने खरवडला. समुद्राकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"असंच ठरलं होतं," ती म्हणाली.